घाण्याचं तेल किती दिवस टिकतं? खवटपणाबद्दल वाचकांचे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, कुठूनही प्रश्न आला तरी त्यामागे समजूत एकच असते: तेल नैसर्गिक आहे, म्हणजे ते खराब होणार नाही. तेलबियांत निसर्गाने रक्षक द्रव्यं ठेवलेली असतात हे खरं आहे. पण ती मोजकी असतात आणि बाटली उघडल्यापासून रोज थोडीथोडी खर्च होतात. म्हणून पुन्हा एकदा सविस्तर लिहितो.

घाण्याचं शेंगतेल फ्रीजमध्ये ठेवायचं का? (शहापूर, बेळगाव)

गरज नाही. शेगडीपासून लांब, अंधाऱ्या फडताळात ठेवा आणि दोनेक महिन्यांत संपेल एवढंच आणा.

लोणी कढवताना सासूबाई विड्याचं पान घालतात. त्याला काही अर्थ आहे का? (खानापूर)

आहे. विड्याच्या पानात आणि कढीपत्त्यात फेनॉल गटातली द्रव्यं असतात. त्यांतली काही तुपात उतरतात आणि तूप खवट व्हायला वेळ लागतो. मात्र लोण्यातलं पाणी पूर्ण आटलं पाहिजे आणि बेरी गाळून काढली पाहिजे. खानापूरच्या पावसाळ्यात ओला चमचा बरणीत गेला, तर पानाचा काही उपयोग होत नाही.

रिफाइंड तेलात टीबीएचक्यू नावाचं विष घालतात, असा मेसेज फिरतोय. (संकेश्वर)

तो पुढे पाठवू नका. टीबीएचक्यू हे कृत्रिम अँटिऑक्सिडंट, म्हणजे तेल खवट होणं लांबवणारं द्रव्य आहे. आपल्याकडच्या नियमांनुसार ते किलोमागे 200 मिलिग्रॅमपर्यंतच घालता येतं आणि घातलं असेल तर वेष्टनावर तसं छापावं लागतं. नको असेल तर वाचून घ्या.

घाणेवाल्यांच्या बाटलीवर "रसायनविरहित, वर्षभर टिकेल" असं छापलंय. बाटल्या दुकानापुढच्या फळीवर मांडलेल्या असतात. करडईचं पाच लिटर तेल घरच्या डब्यात भरलं, महिन्यात वास यायला लागला. ते म्हणतात, व्हिटॅमिन ईच्या दोन कॅप्सूल फोडून घाला. घालू का? (निपाणी)

घालू नका. आणि "रसायनविरहित म्हणून टिकाऊ" हा हिशेबच उलटा आहे.

तेल हवेतल्या ऑक्सिजनमुळे बिघडतं. एक रेणू बिघडला की तो शेजारच्याला बिघडवतो आणि ही साखळी वाढत जाते. तेलातलं टोकोफेरॉल, म्हणजेच जीवनसत्त्व ई, स्वतःतला हायड्रोजन देऊन ती साखळी तोडतं आणि त्यात खर्ची पडतं. म्हणून सुरुवातीला तेल अगदी ठीक वाटतं आणि टोकोफेरॉल संपत आलं की झपाट्याने उतरतं. आधी तयार होणाऱ्या पेरॉक्साइडांना वास नसतो. ती फुटून ॲल्डिहाइडं झाली की मग खवट वास येतो. नाकाला कळतं तोवर उशीर झालेला असतो.

त्यात करडई. तिच्या नेहमीच्या वाणांच्या तेलात 75 टक्क्यांच्या आसपास लिनोलेइक आम्ल असतं आणि ते शेंगतेलातल्या ओलेइक आम्लापेक्षा सुमारे दहापट वेगाने ऑक्सिजन घेतं. असलं तेल पारदर्शक बाटलीत भरून उन्हात मांडायचं आणि वर वर्षभराची हमी छापायची, याला मी फसवणूकच म्हणेन. घाण्याच्या तेलात किंचित हरितद्रव्य राहिलेलं असतं. उजेडात ते ऑक्सिजनला इतकं आक्रमक करतं, की तो साखळी सुरू होण्याची वाटही पाहत नाही. गिऱ्हाइकाने घरी नेण्याआधीच निम्मं नुकसान झालेलं असतं.

तुमचा डबा पाहिलेला नाही, पण विचारतो: तळाशी जुनं तेल होतं का? बहुतेक घरांत असतंच. ते नव्या तेलाला विरजणासारखं लागतं, कारण त्यातली पेरॉक्साइडं नव्या तेलात लगेच साखळी सुरू करतात. डबा साबणाने धुऊन पूर्ण वाळवा, मगच भरा. स्टील, गडद काच किंवा चिनी मातीची बरणी उत्तम. तांब्या-पितळेचं भांडं नको, तांब्याचा अंशही बिघाड वाढवतो.

आता कॅप्सूल. बहुतेक कॅप्सूलांत टोकोफेरिल ॲसिटेट असतं. त्यात हायड्रोजन देणारी जागाच बंद केलेली असते. ती आतड्यात पचताना मोकळी होते, डब्यात होत नाही. आणि बिघडलेलं तेल कशानेही पूर्ववत होत नाही. बटाटा तळा, आलं घाला, लिंबू पिळा, वास दबेल इतकंच. ते तेल पोटात घालू नका.

पुढच्या वेळी घाणा काढल्याची तारीख विचारा, एका लिटरच्या वर घेऊ नका. विक्रेता हमीवर अडून बसला तर मान्यताप्राप्त अन्न प्रयोगशाळेत पेरॉक्साइड मूल्य, म्हणजे तेलातल्या पेरॉक्साइडांचं प्रमाण, तपासून घ्या आणि अहवाल घेऊन अन्नसुरक्षा अधिकाऱ्यांना भेटा. महिनाभर थांबून नव्हे, नमुना ताजा असतानाच.

तिळाचं तेल इतकं कसं टिकतं? (चिकोडी)

त्यात टोकोफेरॉलशिवाय सेसमिन, सेसमोलिन अशी लिग्नान द्रव्यं असतात. तीळ भाजले की सेसमोलिनपासून सेसमॉल तयार होतं आणि ते फार समर्थ अँटिऑक्सिडंट आहे. तरीही झाकण घट्ट लावाच.

माझा भजी-वड्यांचा गाडा आहे. उरलेल्या तेलात रोज ताजं ओततो. चालेल ना? (बेळगाव)

नाही. तळणीच्या उष्णतेत नैसर्गिक रक्षक काही तासांत संपत जातात. 1 जुलै 2018 पासून तळणीच्या तेलात एकूण ध्रुवीय घटक (तेल तापून बिघडताना तयार होणारी द्रव्यं) 25 टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाहीत. फेस, काळपटपणा, लवकर धूर दिसला की तेल बदला. जुनं तेल गटारात ओतू नका, बायोडिझेलसाठी ते गोळा करणारे अधिकृत संकलक असतात. तुमच्या भागातला कोण, हे अन्नसुरक्षा कार्यालयात विचारा.

खवट तेल बाळाच्या अंगाला लावलं तर? (हुक्केरी)

नको. दिव्याला वापरा. बाळासाठी कोणतं तेल, ते बालरोगतज्ज्ञांना विचारा.

आई रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेते. तिला रोज चमचाभर जवसाचं तेल द्यावं म्हणतो. (खडकलाट)

आधी तिच्या डॉक्टरांना विचारा, मगच. टिकण्यापुरतं सांगायचं तर जवसाच्या तेलात निम्म्याहून जास्त लिनोलेनिक आम्ल असतं, ते करडईतल्या लिनोलेइकहूनही वेगाने ऑक्सिजन घेतं, त्यामुळे नेहमीच्या तेलांत सर्वांत लवकर तेच उतरतं. छोटी गडद बाटली घ्या आणि ही मात्र फ्रीजमध्येच ठेवा. डॉक्टर हो म्हणाले तर अख्खं जवस आणून आठवडाभराची चटणी कुटणं जास्त बरं. अख्ख्या दाण्यात तेल बंद असतं, कुटल्यावर त्याला हवा लागते.