नळाच्या पाण्याचा टीडीएस 600 आहे, कुंडीतल्या झाडांना चालेल का?

तुम्ही विचारलंय की टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, मीटरवर 600 येतोय, कुंड्यांवर पांढरा थर धरतोय, जास्वंदाची नवीन पानं पिवळी पडतायत, तर पाणी रात्रभर भरून ठेवून घालू का सरळ आरओचंच घालू. आधी रात्रभरवालं निकालात काढतो. पाणी ठेवल्याने फार तर क्लोरीन उडतो, क्षार कुठेही जात नाहीत. उलट बादली उघडी राहिली तर पाणी थोडं उडतं आणि क्षार होते तेवढेच राहतात, म्हणजे कणभर वाढलेच.

आता तो 600 चा आकडा. मीटर बिचारा पाण्यातून वीज किती जाते एवढंच बघतो आणि त्याला कुठे 0.5 ने तर कुठे 0.7 ने गुणून टीडीएस म्हणून दाखवतो, त्यामुळे एकाच ग्लासात दोन मीटर घातले तर दोघं वेगळं सांगतील. आणि मुख्य म्हणजे आत नक्की काय विरघळलंय हे तो सांगतच नाही. 600 मधलं बरचसं कॅल्शियम-मॅग्नेशियम असेल तर बहुतेक झाडं निभावून नेतात, पण त्यात सोडियम आणि क्लोराईड जास्त असेल, म्हणजे पाणी चवीला मचूळ लागत असेल, तर तेच 600 डोकेदुखी आहे. घरच्या घरी अंदाज घ्यायचा तर पाणी उकळायचं भांडं बघा. तळाला पांढरी खपली धरत असेल, साबणाला फेस येत नसेल, तर पाणी जड आहे, त्यात बायकार्बोनेट भरपूर आहे. कुंडीवरच्या पांढऱ्या थरावर व्हिनेगरचे दोन थेंब टाकून बघा, फसफसलं तर कार्बोनेट, काहीच झालं नाही तर बहुतेक खताचे नाहीतर दुसरे क्षार. खात्री हवी असेल तर एकदा लॅबमधून तपासून घ्या आणि रिपोर्टमध्ये टीडीएस नाही, अल्कलिनिटी (म्हणजे मुख्यतः बायकार्बोनेट किती आहे ते), सोडियम आणि क्लोराईड बघा. अल्कलिनिटी लिटरला 100 मिलिग्रॅमच्या आत असेल तर विसरून जा, 150-200 च्या पुढे गेली की लहान कुंड्यांमध्ये त्रास सुरू होतो. सोडियम 70 च्या वर असेल तर नाजूक झाडांना जपा.

तुमच्या जास्वंदाचं मला बायकार्बोनेटचंच प्रकरण वाटतंय. प्रत्येक पाण्याबरोबर ते थोडंथोडं मातीत जातं, मातीचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप, 7 म्हणजे मधोमध) वर सरकतो, आणि पीएच 7 च्या पुढे गेला की मातीत लोह असूनही मुळांना उचलता येत नाही. एक पान तोडून उजेडासमोर धरा. शेंड्याकडच्या कोवळ्या पानात शिरा हिरव्यागार आणि मधला भाग पिवळा, अशी जाळी दिसली तर लोह कमी पडतंय. हीच जाळी खालच्या जुन्या पानांवर असेल तर मॅग्नेशियम. हे बघितल्याशिवाय एप्सम सॉल्ट (म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट) टाकू नका. पान पिवळं दिसलं की एप्सम सॉल्ट हा सल्ला सगळीकडे मिळतो पण लोहाच्या कमतरतेवर त्याचा काडीचा उपयोग नाही, वर आणखी एक क्षार कुंडीत गेला तो वेगळाच. लोहासाठी चिलेटेड आयर्न घ्या, म्हणजे मुळांना उचलता यावं म्हणून चिलेट नावाच्या पदार्थाने धरून ठेवलेलं लोह, आणि पाकिटावर कुठलं चिलेट आहे ते वाचा. ईडीटीएवालं स्वस्त असतं पण साधारण 6.5 पीएचच्या वर ते लोह धरून ठेवत नाही, डीटीपीए 7-7.5 पर्यंत चालतं, आणि ईडीडीएचए 9 पर्यंत टिकतं. जड पाण्याला ईडीडीएचएच घ्या, पाण्यात टाकल्यावर लालभडक होतं तेच. जुनी पिवळी पानं पूर्ण सुधारतीलच असं नाही, नवीन फूट कशी येते त्यावरून ठरवा. आणि राख, चुना, अंड्याची टरफलं घालत असाल तर बंद करा, कॅल्शियम तुमच्या नळातूनच येतंय, राखेने तर पीएच आणखी चढतो.

पण खरं काम कुंडी धुण्याचं आहे आणि लोक नेमकं तेच करत नाहीत. रोज कपभर पाणी घालायचं, खालून थेंबही बाहेर नाही, ही सवय जड पाण्यात सगळ्यात वाईट, कारण पाणी उडून जातं आणि क्षार आतच साठत जातात. एकदा घालाल तेव्हा खालच्या भोकातून चांगलं वाहीपर्यंत घाला, मग माती वरून सुकेपर्यंत थांबा. दोन-तीन महिन्यांतून एकदा वरची पांढरी खपली खरवडून काढा आणि कुंडीच्या मापाच्या दुप्पट पाणी, म्हणजे 5 लिटरच्या कुंडीला 10 लिटर, हळूहळू ओतून जाऊ द्या. नळाचंच पाणी चालेल, साठलेल्या क्षारांपेक्षा ते केव्हाही सौम्य असतं. थाळीत उतरलेलं पाणी लगेच फेकायचं, नाहीतर सगळं परत वर शोषलं जातं. खालून पाणी ओढणाऱ्या सेल्फ वॉटरिंग कुंड्यांना तर हे वरून धुणं हवंच.

आरओचं विचाराल तर सगळ्याच झाडांना निव्वळ आरओ कशाला, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जवळपास नसतं मग ते खतातून वेगळं द्यावं लागतं. निम्मं-निम्मं करा, तुमचं 600 आणि आरओचं 50 असेल तर सव्वातीनशेच्या आसपास येईल, भरपूर झालं. आरओमधून बाहेर टाकलं जाणारं पाणी मात्र कुंड्यांना नको, त्यात नळापेक्षाही जास्त क्षार असतात, फरशी पुसायला वापरा. पावसाचं साठवता आलं तर त्यासारखं काही नाही, आणि एसीचं पाणीही क्षारांच्या दृष्टीने स्वच्छ असतं, मिसळायला चांगलं, फक्त खाण्याच्या भाज्यांना मी घालत नाही.

लिंबू, व्हिनेगर, सायट्रिक अॅसिड याने बादलीतला पीएच उतरतो हे खरंय पण मातीतले जिवाणू ते आम्ल खाऊन टाकतात आणि बराचसा फायदा तिथेच संपतो, शिवाय माप चुकलं तर मुळं भाजतात. मी त्या भानगडीत पडत नाही. त्यापेक्षा खत निवडताना नायट्रेटऐवजी अमोनियमवालं, अमोनियम सल्फेटसारखं, अगदी थोडं द्या, मातीत त्याचं नायट्रेट होताना आम्ल तयार होतं आणि पीएच हळूहळू खाली येतो.

घरात वॉटर सॉफ्टनर बसवलेला असेल तर झाडांसाठी त्याच्या आधीच्या नळाचं पाणी घ्या. तो कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम सोडतो, भांड्यांना छान, झाडांना नळाच्या पाण्यापेक्षा वाईट.

कॅलेथिया, नेचे, ऑर्किड असली नाजूक मंडळी असतील तर पावसाचं किंवा आरओचं पाणी त्यांच्यासाठी राखून ठेवा, कीटकभक्षी झाडांना तर 50 टीडीएसच्या आतलंच लागतं. बोगनवेल, कोरफड वगैरेंना नळाचंच द्या. जास्वंदाला आधी कुंडी धुवून घ्या, चार-पाच दिवसांनी लोह द्या, आणि नवीन पानं आली की फोटो टाका.