मुद्देमालाला मुद्देमालच म्हण

प्रिय मित्रा,

दक्षिणेतल्या पोलीसपटाच्या मराठी डबिंगसाठी तू पाठवलेलं पहिल्या रीळाचं स्क्रिप्ट वाचलं. पडद्यावरच्या ओठांशी शब्द बऱ्यापैकी बसवलेस. पण ठाण्यातला शिपाई, फौजदार आणि आरोपी, तिघंही एकाच शाळेत शिकल्यासारखे बोलतात. दक्षिणेतल्या या पोलीसपटांचा खरेपणा मारामारीत नसतो, कोण कोणाशी कसं बोलतं यात असतो. डबिंगमध्ये पहिला बळी त्याचाच जातो.

'जय भीम' घे. २०२१ चा तमिळ सिनेमा. प्रकाश राजचा पोलीस अधिकारी हिंदीत बोलणाऱ्या माणसाला थोबाडीत मारतो आणि तमिळमध्ये बोल म्हणतो. हिंदी आवृत्तीत त्याचं 'सच बोल' झालं. थप्पड तीच, कारण मात्र बदललं. अडचण मला कळते. हिंदीत हिंदी बोलल्याबद्दल मारणार कसं? पण 'विसारणै' या तमिळ सिनेमात याहून मोठा प्रश्न आहे. तमिळनाडूचे मजूर आंध्रात गुंटूरला पोलिसांच्या तावडीत सापडतात, पोलीस तेलुगूत दरडावतात आणि मार कशासाठी पडतोय हेच त्यांना उमगत नाही. सगळ्यांच्या तोंडी एकच भाषा घातलीस की ही भिंतच पडते. तिथे मी तेलुगू तसंच ठेवीन आणि खाली अक्षरं देईन. निर्माता कुरकुरेल, कुरकुरू दे.

आता शब्दांचं. दिलीश पोथनच्या २०१७ च्या मल्याळम सिनेमाचं नाव 'तोंडिमुदलुम् दृक्साक्षियुम्'. तोंडिमुदल म्हणजे आपला मुद्देमाल. बसमध्ये चोर सोन्याची साखळी गिळतो आणि अख्खं ठाणं ती बाहेर पडायची वाट बघत बसतं. फौजदाराच्या भूमिकेत सिबी थॉमस, हे खरोखरचे पोलीस अधिकारी. म्हणूनच तिथली टेबलं, कागद, कंटाळा सगळं अंगवळणी पडलेलं दिसतं. माझ्या पहिल्या पोलीसपटात मी 'पुराव्याची वस्तू' असं लिहिलं होतं. हवालदाराला आवाज देणारा कलाकार पोलीस लाइनीत वाढलेला. त्याने हेडफोन काढला आणि म्हणाला, "दादा, आमच्या घरी जेवणाच्या डब्यालासुद्धा मुद्देमाल म्हणायचे." तेव्हापासून मी शब्दकोशाआधी पंचनामा वाचतो. तूही वाच. ठाणे अंमलदार, स्टेशन डायरी, बंदोबस्त, कोठडी हे शब्द कानात मुरू देत.

('अर्धसत्य' परत बघ. १९८३ चा हिंदी सिनेमा, पण कथा श्री. दा. पानवलकरांची आणि पटकथा तेंडुलकरांची. त्यातला फौजदार वेलणकर हिंदी बोलतो, पण घर मराठीच वाटतं.)

आणि तू विचारलेलं ते 'सारे'. मल्याळी शिपाई साहेबाला तशी हाक मारतो, शेवटी तोंड उघडं राहतं. आपल्या 'साहेब'मधल्या ब ला ओठ मिटतात, त्यामुळे क्लोजअपमध्ये ते लगेच खटकतं. तिथे 'सर' घाल. तुझ्या चौथ्या सीनमध्ये शिपाई पाठमोरा उभा आहे, चेहरा दिसतच नाही. तिथे बिनधास्त 'साहेब' टाक. आणि त्याच सीनमध्ये आरोपीला 'आपण' म्हणणारा तो फौजदार आजच्या आज बदल.

तुझा,
काका