जुना कॉम्प्युटर भंगारात देण्याआधी

प्रश्न: २०१४ साली मुलीच्या कॉलेजसाठी घेतलेला डेस्कटॉप आहे, चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क, विंडोज १०. आता मीच वापरते, बँकेचं काम, नातवाशी व्हिडिओ कॉल, थोडं टायपिंग. बटण दाबून चहा ठेवते, चहा पिऊन झाला तरी स्क्रीनवर गोल फिरतंच असतं. दुकानदार म्हणतो नवीनच घ्या. घ्यावा का? – निवृत्त शिक्षिका, चिपळूण

उत्तर: ताई, अजिबात घाई करू नका. आधी तो अडतोय कुठे ते बघू. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, खाली 'मोअर डिटेल्स' दिसलं तर त्यावर क्लिक करा म्हणजे सीपीयू (प्रोसेसर), मेमरी (रॅम), डिस्क असे रकाने दिसतील. कॉम्प्युटर चालू केल्या केल्या हे उघडून पाच मिनिटं नुसतं बघत बसा. सीपीयू वीस-तीस टक्क्यांवर आणि डिस्क मात्र १०० टक्क्यांवरून हलत नाही असं दिसलं, आणि तुमच्या वर्णनावरून तेच दिसेल असं मला वाटतं, तर दुखणं बहुधा हार्ड डिस्कचं आहे, बाकीचा कॉम्प्युटर ठणठणीत असेल.

हार्ड डिस्कच्या आत एक चकती मिनिटाला ७२०० वेळा फिरते (लॅपटॉपात बहुतेक ५४००) आणि तिच्यावरून एक बारीक दांडी इकडून तिकडे पळत माहिती वाचते. विंडोज सुरू होताना हजारो छोट्या छोट्या फाइली लागतात, त्या चकतीभर विखुरलेल्या असतात आणि दांडी सेकंदाला शंभरेक ठिकाणीच पोचू शकते, तोवर प्रोसेसर हातावर हात ठेवून बसलेला असतो. एसएसडी म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणारी नव्या प्रकारची डिस्क, तिच्यात फिरणारं काही नाहीच, नुसत्या चिप, त्यामुळे तेच काम किती तरी पट लवकर उरकतं. माझ्या वडिलांच्या २०१२ च्या मशीनला एसएसडी लावली तेव्हा तेच कॅबिनेट, तोच मॉनिटर आणि तरी ते मला विचारत होते की नवीन आणलास का.

तुम्हाला २५६ जीबीची, अडीच इंची साटा एसएसडी पुरेल, हे नाव कागदावर लिहूनच दुकानात जा, कारण हल्ली एम डॉट टू नावाची बारीक पट्टीसारखी एसएसडी जास्त चालते आणि ती तुमच्या मदरबोर्डावर, म्हणजे आतल्या मुख्य पाटीवर, बहुतेक बसणार नाही. जुन्या डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं नवीनवर उतरवून मिळतं, त्याला क्लोन करणं म्हणतात, तसं सांगा. पण त्याआधी फोटो आणि कागदपत्रं पेनड्राइव्हवर काढाच. क्रिस्टल डिस्क इन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात डिस्कची तब्येत दिसते, पिवळ्या रंगात कॉशन आलं किंवा डिस्कमधून टक टक आवाज येत असेल तर बाकी सगळं सोडून आधी बॅकअप!

दुसरा खर्च रॅमचा. रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा आणि डिस्क म्हणजे माळा, ओट्यावर जागा संपली की कॉम्प्युटर सामान माळ्यावर ठेवतो आणि दर वेळी शिडी लावून परत काढतो. ब्राउझरमध्ये सात-आठ टॅब आणि वर व्हिडिओ कॉल असं असेल तर ४ जीबी कमीच पडते, ८ करा. तुमच्या मशीनला डीडीआर-थ्री लागेल, डीडीआर-फोरची खाच वेगळ्या जागी असते, ती बसतच नाही. आणि सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउटमध्ये ३२-बिट लिहिलेलं असेल तर आधी ६४-बिट विंडोज टाकून घ्या, नाहीतर ४ जीबीच्या वरची रॅम वाया जाते.

आज, फुकटात करण्यासारखं म्हणजे त्याच टास्क मॅनेजरमध्ये 'स्टार्टअप' आहे, तिथे अँटिव्हायरस सोडून जे जे आपोआप सुरू होणं गरजेचं नाही ते डिसेबल करा. स्पीड बूस्टर, पीसी क्लीनर असलं काही मात्र कृपा करून टाकू नका, वेग तर वाढत नाहीच, उलट तेच पाठीमागे चालत राहतं. तुम्ही बँकेचं काम करता म्हणून शेवटचा प्रश्नही जरूर वाचा.

प्रश्न: पावसाळा लागला की आमचा कॉम्प्युटर बीप बीप करतो आणि स्क्रीन काळीच राहते. मदरबोर्ड गेला म्हणतात. – दापोली

उत्तर: मदरबोर्ड गेला असं लगेच मानू नका, आधी रॅम बघा. आपल्याकडच्या दमट हवेत रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर बारीक थर चढतो आणि कॉन्टॅक्ट जातो. प्लग काढा, प्लग काढलेला असतानाच पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा म्हणजे अंगातली स्टॅटिक निघून जाते, मग दोन्ही बाजूच्या क्लिप उघडून रॅम सरळ वर काढा. शाळेतल्या मऊ पांढऱ्या खोडरबराने त्या पट्ट्या हलक्या हाताने पुसा, चुरा कॅबिनेटपासून लांब झटका, रॅम परत लावताना क्लिपचा टक असा आवाज येईपर्यंत दाबा. कॅबिनेट उघडलंच आहे तर प्रोसेसरवरच्या पंख्याची धूळ रंगाच्या कोरड्या ब्रशने काढा, ब्लोअर मारणार असाल तर पंखा बोटाने धरून ठेवा, भन्नाट फिरला तर त्याचे बेअरिंग जातात. आणि पावसाळ्यात रोज अर्धा तास तरी मशीन चालू ठेवत जा, आतली ऊब ओल धरू देत नाही.

प्रश्न: दर वेळी चालू केला की तारीख २००९ सालची दाखवतो आणि एकही वेबसाइट नीट उघडत नाही. – सोलापूर

उत्तर: मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा गोल सेल असतो, सीआर २०३२, तो संपलाय. वेबसाइटच्या सुरक्षा सर्टिफिकेटला मुदत असते आणि तारीख चुकली की ब्राउझरला ते खोटं वाटतं, म्हणून साइट अडतात. सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो. जुना सेल कुठल्या बाजूने आहे त्याचा मोबाइलवर फोटो काढा, मगच काढा.

प्रश्न: डीटीपीची कामं करतो. विंडोज १० बंद झाली, ११ चढत नाही, भाचा म्हणतो लिनक्स टाका. पंधरा वर्षांच्या मराठी फाइली आहेत, त्यांचं काय? – इचलकरंजी

उत्तर: दादा, तुमची काळजी रास्त आहे. विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, ज्यांनी वाढीव मुदतीसाठी नोंदणी केली त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळतात. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, आडवाटेने चढवणारे आहेत पण धंद्याच्या मशीनवर मी ते करणार नाही.

लिनक्स म्हणजे विंडोजऐवजी चालणारी फुकट प्रणाली, तिच्यातल्या मिंटची एक्सएफसीई आवृत्ती जुन्या मशीनवर छान चालते, ४ जीबी रॅम पुरते, पेनड्राइव्हवरून काहीही न पुसता आधी वापरून बघता येते, वरच्या ताईंच्या कामालाही ती चालेल. पण डीटीपीवाले पानं मांडायला वापरतात ते पेजमेकर आणि डोंगलवर (पेनड्राइव्हसारख्या लायसन्सच्या किल्लीवर) चालणारं मराठी सॉफ्टवेअर तिथे सरळ चालणार नाही. शिवाय जुन्या फाइली युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठी मराठीच दिसते त्या पद्धतीत, बहुतेक नसतात, आत इंग्रजी अक्षरं आणि खुणाच असतात, त्यांना मराठी रूप देतो तो फॉन्ट. फॉन्ट नसला की अख्खी लग्नपत्रिका अगम्य चिन्हांची रांग होऊन बसते.

म्हणून मी असं करेन: डीटीपीचं मशीन विंडोज १० वरच ठेवायचं पण नेटची केबल कायमची काढायची, आणि ईमेल, बँक यासाठी दुसरं जुनं मशीन लिनक्सवर. सी ड्राइव्हमधल्या विंडोजच्या फोल्डरात फॉन्ट्स नावाचं फोल्डर आहे, ते पूर्ण कॉपी करून दोन ठिकाणी ठेवा, हे आजच करा. ज्या मजकुराचं पुन्हा काम पडतं तो हळूहळू युनिकोडमध्ये बदलत न्या, बाकीच्या फाइलींची मशीन चालू आहे तोवर पीडीएफ काढून ठेवा, काढताना फॉन्ट एम्बेड करायचा पर्याय निवडा म्हणजे फॉन्ट फाइलच्या आतच राहतो.