मुलीच्या फोटोंसाठी १ लाख १४ हजारांचा कॅमेरा घेऊ का?

प्रश्न: मी चिपळूणला राहतो, वय ३३. पगार हातात ५२,००० येतो. भाडं धरून घरखर्च ३६,०००, बाइकचा हप्ता ३,६०० (अजून चार राहिलेत), एसआयपी ४,०००. एक लाखाची एफडी आहे, बाकी शिल्लक काही नाही. पत्नी सध्या बिनपगारी रजेवर आहे. मुलगी नऊ महिन्यांची, पहिला वाढदिवस गणपतीच्या आठवड्यात येतो. २०२१ च्या पुरात आईबाबांच्या लग्नाचे आणि माझ्या लहानपणीचे सगळे अल्बम गेले. मुलीच्या बाबतीत तसं व्हायला नको. एक फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा लेन्ससकट १,१४,००० ला मिळतोय, १२ महिने नो कॉस्ट ईएमआय. रोख दिले तर तोच दुकानदार १,०८,००० ला देतो. मुंबईत एकजण बिलाशिवाय ९५,००० सांगतोय. एफडी मोडू की हप्त्यावर घेऊ? शिवाय १६,००० चा प्रिंटर बघितलाय. लॅबवाला ४ बाय ६ च्या प्रिंटला १२ रुपये घेतो, घरी तीच आठ रुपयांत पडेल असं दुकानात सांगितलं.

उत्तर: आधी हप्त्याचं बघू. तुमचा जमाखर्च मांडला तर महिन्याला ८,४०० उरतात आणि कॅमेऱ्याचा हप्ता ९,५०० चा आहे. पहिल्याच महिन्यात एसआयपी थांबवावी लागेल किंवा क्रेडिट कार्डाची बाकी पुढे ढकलावी लागेल.

त्यात ‘नो कॉस्ट’ हे नुसतं नाव. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच शून्य टक्के व्याजाच्या योजनांना मनाई केली. त्यामुळे आता बँक व्याज लावते आणि तेवढीच रक्कम दुकानदार किंवा कंपनी किमतीतून आधी वजा करते. बँकेचा दर १५ टक्के धरला, तर तुमच्या बारा हप्त्यांत साधारण ८,७५० रुपये व्याज दडलेलं आहे. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी म्हणजे सुमारे १,५७५, तो तुमच्याच माथी. प्रोसेसिंग फी तीन-साडेतीनशे वेगळी. आणि रोखीवर मिळणारी ६,००० ची सूट गेली. बेरीज करा, आठ हजारांच्या आत-बाहेर येते. सरळ कर्ज काढल्यासारखंच आहे, वर्षाला साधारण साडेतेरा टक्क्यांनी.

एफडी मोडू नका. मुदतीआधी मोडल्याचा दंड किरकोळ असतो, मला त्याची फिकीर नाही. पण एका पगारावर चाललेल्या घरात ते एक लाख म्हणजे जेमतेम पावणेतीन महिन्यांचा घरखर्च आहे. चिपळूणकराला मी वेगळं काय सांगू? २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं, त्यानंतरच्या पंधरवड्यात हातात रोकड असणं म्हणजे काय हे तुम्ही पाहिलंय.

बिलाशिवायच्या मालाचा विषय तर डोक्यातूनच काढा. १३,००० वाचतात, पण वॉरंटी नाही, विम्याचा दावा नाही, आणि उद्या विकायला गेलात तर बिल नसल्यामुळे भाव पडतो तो वेगळाच.

आता मुद्द्याचं. तुमच्या आईबाबांचे फोटो कॅमेरा साधा होता म्हणून गेले नाहीत. एकच प्रत होती, ती एकाच कपाटात होती आणि कपाट पाण्यात गेलं. १,१४,००० चा कॅमेरा घेऊन सगळे फोटो एकाच लॅपटॉपवर ठेवलेत, तर पुन्हा तीच गत. पुरापासून वाचवायला प्रती लागतात, आणि त्या फार स्वस्त आहेत. ४ बाय ६ ची स्वच्छ प्रिंट निघायला १,२०० बाय १,८०० पिक्सेल पुरतात, म्हणजे दोन मेगापिक्सेलच्या थोडं वर. हातातला फोन बारा मेगापिक्सेल देतो. महिन्याला पंचवीस फोटो निवडा, दोन-दोन प्रती काढा, ६०० रुपये होतील. एक संच तुमच्याकडे, दुसरा घाटावर कुणा जवळच्या नातेवाइकाकडे.

लॅबमध्ये देताना दोन गोष्टी सांभाळा. फोनचा फोटो ४:३ असतो आणि ४ बाय ६ चा कागद ३:२. लांबट कागद भरताना फोटोचा अकरा टक्के भाग कापला जातो, आणि आडव्या फोटोत तो नेमका बाळाच्या टोपड्याचा नाहीतर पायांचा असतो. कुठून कापायचं ते तुम्ही ठरवून द्या, मशीनवर सोडू नका. दुसरं, लॅबवाल्याला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवायचेच असतील तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर फोटो आकसून जातो.

प्रिंटर नकोच. प्रिंटमागे चार रुपये वाचणार, म्हणजे १६,००० वसूल व्हायला ४,००० प्रिंट काढाव्या लागतील. महिन्याला पन्नासच्या हिशेबाने साडेसहा वर्षं! तोवर न वापरल्यामुळे शाई किती वेळा सुकेल आणि हेड किती वेळा साफ करावं लागेल ते धरलेलंच नाही. (आमच्या घरातला फोटो प्रिंटर गेली दोन वर्षं मुलांच्या प्रोजेक्टचे पुठ्ठे ठेवायच्या कामी येतोय.) शिवाय घरगुती प्रिंटरमध्ये बहुधा डाय शाई असते, तिच्यावर पाणी पडलं की रंग पसरतात. लॅबची प्रिंट त्या मानाने चिवट.

तरीही तुम्हाला कॅमेरा हवाच आहे, हे पत्रातून दिसतं. मला त्यात काही वावगं वाटत नाही. कडक सल्लागार म्हणेल, आधी सहा महिन्यांचा खर्च बाजूला टाका, मग हौस. मी तेवढं ताणणार नाही, तोवर मुलगी चालायला नाही, पळायला लागेल. मात्र एक गोष्ट कॅमेऱ्याच्या आधी, जिचा पत्रात उल्लेखच नाही: टर्म इन्शुरन्स. महिन्याला १,२०० धरून ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावर जीएसटीही नाही.

विमा आणि प्रिंट वजा जाता ६,६०० राहतात. त्यातले ५,५०० दरमहा वेगळे ठेवायला लागा. चार महिन्यांनी बाइकचा हप्ता संपला की ९,००० करा. सातव्या महिन्यात ४९,००० जमतील. एवढ्यात वापरलेला पण बिलासकट एपीएस-सी (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) कॅमेरा आणि ५० मिमी एफ १.८ लेन्स शोधा. घरात ट्यूबलाइटच्या उजेडात खेळणाऱ्या पोराला टिपायचं तर फुल फ्रेमपेक्षा ती लेन्स कामाला येते. कॅमेऱ्यासोबत येणारी लेन्स तेवढ्याच अंतरावर बहुधा एफ ५.६ वर असते (एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त), ५० मिमीची ही तिच्या नऊपटींहून जास्त उजेड आत घेते. घेताना शटर काउंट (आजवर किती फोटो काढले तो आकडा) विचारा आणि टॉर्च मारून लेन्सच्या आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी, सौदा तिथेच सोडा. कोकणातल्या पावसात तुमच्याकडेही ती धरेल, म्हणून सिलिका जेल घातलेला हवाबंद डबा हाही खर्चात धरा.

वाढदिवसाला मात्र कॅमेरा भाड्याने आणा. दोन दिवसांचे दोन-तीन हजार पडतील, महिन्याला उरणाऱ्या ११०० मधून तोवर तेवढे जमतात. गणपतीत मागणी असते, आत्ताच सांगून ठेवा. आणि त्या दिवसांत घरी येणाऱ्या आत्या, मामा, काका सगळ्यांना आधी फोन करून ठेवा. आईबाबांच्या लग्नाच्या प्रती त्या काळी पाहुण्यांकडे गेल्या असणार, कुणाच्या तरी ट्रंकेत एखादी निघेल. मिळेल ती प्रत पडवीत सावलीला सपाट ठेवा आणि वरून सरळ फोटो काढून घ्या.