पोटरीचा ताण आणि गुडघ्याची स्थिती

आपण लिहिले आहे की गुहागरच्या पुळणीवर रोज सकाळी चालून आल्यावर आपण भिंतीला हात टेकून, मागचा पाय ताठ ठेवून पोटरी ताणता, तरीही टाचेच्या वरचा भाग आखडलेलाच राहतो. माझ्या मते ताण कमी पडत नाही, तो हव्या त्या स्नायूपर्यंत पोहोचत नाही.

पोटरीत मुख्यतः दोन स्नायू असतात. वरचा फुगीर गॅस्ट्रोक्नेमियस मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकापासून निघतो, म्हणजे तो गुडघा आणि घोटा असे दोन्ही सांधे ओलांडतो. त्याच्याखालचा चपटा सोलियस मात्र गुडघ्याच्या खालीच सुरू होतो. पुढे दोघेही अकिलिस या एकाच कंडरेने, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या चिवट पट्ट्याने, टाचेला जोडलेले असतात. त्यामुळे गुडघा सरळ असताना गॅस्ट्रोक्नेमियस आधी ताणला जाऊन घोट्याला अडवतो आणि सोलियसला पुरेसा ताण मिळण्याआधीच आपण थांबतो. गुडघा वाकवला की वरचा स्नायू सैल पडतो, घोटा आणखी दुमडतो आणि तो जास्तीचा ताण सोलियसवर येतो.

म्हणून ताठ पायाने ताण दिल्यावर त्याच जागी मागचा गुडघा थोडा वाकवा, टाच मात्र उचलू नका. हा ताण खाली आणि सौम्य जाणवतो, म्हणून पुष्कळजण तो निरुपयोगी समजून सोडून देतात, याचे मला फार वाईट वाटते. प्रत्येक स्थितीत 30 सेकंद, दोन-तीन वेळा पुरे. पाऊल सरळ पुढे असावे. ते बाहेर वळले की तळव्याची कमान खचते आणि घोट्याऐवजी पाऊलच मध्ये वाकते. पडवीसमोरच्या चिऱ्याच्या पायरीवर मी कित्येक महिने असाच ताण देत होतो आणि पाऊल सरळ केल्यावरच फरक पडला. मऊ वाळूत टाच रुतते, म्हणून हे घरी, घट्ट जमिनीवर करावे.

बसून, पाय लांब करून, पंच्याने पाऊल ओढत असाल तर कंबरेतून पुढे वाकू नका. तसे केल्याने मांडीमागून जाणारी नसही ताणली जाते आणि गुडघ्यामागची ती ओढ पोटरीचीच वाटते.

गुडघा वाकवूनही घोटा दुमडत नसेल आणि अडथळा घोट्याच्या पुढच्या बाजूला जाणवत असेल, तर तो बहुधा सांध्याचा असतो. तिथे ताण वाढवू नका, फिजिओथेरपिस्टला दाखवा. एकाच पोटरीला सूज, ऊब आणि दुखणे असेल, तर ताण न देता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.