घरी बिअर करून बाटल्यांत भरायची म्हटलं तर नवशिक्याला कितपत जमतं?

तुम्ही विचारलंय की घरच्या घरी बिअर करून बाटल्यांत भरणं सोपं आहे का, आणि कुणी केली असेल तर अनुभव सांगा. मी बेळगावचा, टिळकवाडीत राहतो. बार्लीची बिअर मी केलेली नाही, आल्याची केली आहे. चार वेळा फसली, पाचव्यांदा बरी जमली. तरी उत्तर लिहायला बसलोय, कारण आत बार्लीचं पाणी आहे की आल्याचं, हे बाटलीला कळत नाही. फुटायची तर ती दोन्हींनी फुटते.

बार्लीची का नाही, तेही सांगतो. आमच्याकडे कर्नाटक अबकारी कायदा, १९६५ लागू आहे आणि परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा गुन्हा आहे. शिनोळीला जाऊन करू म्हणाल, तर तिथे महाराष्ट्राचा १९४९ चा दारूबंदी कायदा. सीमाप्रश्नावर दोन्ही राज्यांचं एकमत होणार नाही, पण या बाबतीत आहे! माझा आतेभाऊ इंग्लंडमध्ये असतो. तिकडे १९६३ पासून घरापुरती बिअर करायला परवाना लागत नाही, आणि तो दर दोन महिन्यांनी वीस-वीस लिटर करतो. त्याचं ऐकून मला हुक्की आली. तो म्हणाला, आधी आल्याची कर, त्यात बिअरचा सगळा अभ्यास होतो. ही आल्याची बिअरही मूळची तिकडचीच, अठराव्या शतकातली.

सुरुवात विरजणापासून. आलं सालासकट किसायचं, दोन चमचे कीस, दोन चमचे साखर, दोन पेले उकळून गार केलेलं पाणी, बरणीवर फडकं बांधायचं आणि रोज एकेक चमचा कीस-साखर घालून ढवळायचं. चार-सहा दिवसांत कडेला बारीक फेस धरतो, कान लावला तर चुरचुर ऐकू येते. माझं पहिलं विरजण आठ दिवस ढिम्म बसलं आणि नवव्या दिवशी त्यावर बुरशी आली. कारण मी शहाणपणा करून आलं सोलून, तीन पाण्यांनी धुऊन घातलं होतं. आंबवणारे जीव सालीवर असतात, तेच मी मोरीत सोडून दिले. आईने बघितलं आणि म्हणाली, "आंबील काय डेटॉल घालून करतात होय?" आंबील, इडलीचं पीठ हे सगळं ज्या घरात वर्षानुवर्षं होतंय, तिथे मी मोबाइलवर व्हिडिओ बघत बसलो होतो.

दुसरं विरजण लागलं. लिटरभर पाण्यात पन्नास ग्रॅम आलं उकळलं, ऐंशी ग्रॅम साखर घातली, कोमट झाल्यावर लिंबू पिळलं, अर्धा कप विरजण घातलं आणि गाळून घेतलं. इथवर स्वयंपाकघरात वावरणाऱ्या कुणालाही जमेल. अशी पाच लिटर केली आणि भंगारवाल्याकडून आणलेल्या काचेच्या बाटल्यांत गच्च भरून ठेवली. कुठे? माळ्यावर. एप्रिल महिना, वर मंगलोरी कौलं. दुपारी तिथे पापड वाळले असते.

चौथ्या रात्री अडीचच्या सुमाराला पहिला बार उडाला. लग्नसराई चालू होती, त्यामुळे वरातीतला फटाका समजून मी कूस बदलली. दुसऱ्याला मात्र काच खळखळत जिन्यावरून खाली आली. सकाळी शेजारच्या काकू दारात: "एन्री इदु, वासनी बराकत्तैती?" कसला वास येतोय, हे त्यांना काय सांगणार? आल्याचा, म्हणालो. दोन बाटल्या आलं कौलांपर्यंत उडालेलं असताना तो वास कुणाला पटणार होता देव जाणे. तुळईवरचा पिवळा डाग अजून आहे.

उरलेल्या बाटल्यांना हात लावायचं धाडस होईना. आतेभावाला फोन केला. तो आधी हसला, मग एकदम गंभीर झाला: "हात लावू नकोस. लांबून ओलं गोणपाट टाक, गार होऊ दे, रात्रीपर्यंत तिकडे फिरकू नकोस. साखर किती घातली होतीस?" मी म्हणालो, लिटरला ऐंशी ग्रॅम. "आणि बाटलीत भरताना त्यातली किती उरली होती?" मला प्रश्नच कळला नाही. सगळीच उरली होती की!

त्याने मग फोनवर जो हिशोब सांगितला तो तुमच्यासाठी लिहितो, कारण घरच्या बिअरचं खरं कसब बाटली भरण्यात आहे आणि ते या हिशोबावर चालतं. यीस्ट, म्हणजे तेच आंबवणारे जीव, साखर खातं आणि तिचं साधारण निम्म्या वजनाचं अल्कोहोल नि निम्म्या वजनाचा कार्बन डायऑक्साइड करतं. लिटरमधली चार ग्रॅम साखर खाल्ली गेली की त्या लिटरभर पेयात जवळपास लिटरभर गॅस तयार होतो. चांगल्या फेसाळ बिअरमध्ये तो पेयाच्या अडीच पट असतो. बिअरच्या बाटलीवर तीन-साडेतीन पटीपुढे भरवसा ठेवू नये. माझी ऐंशीच्या ऐंशी ग्रॅम खाल्ली गेली असती तर वीस पट. तेवढं व्हायच्या आधीच बाटल्यांनी मान टाकली, एवढंच.

म्हणून बिअर करणारे आधी मोठ्या डब्यात तिला पूर्ण आंबू देतात. मोड आणून वाळवलेली बार्ली, म्हणजे माल्ट, ६५ ते ६८ अंशांच्या पाण्यात तासभर धरायची, गाळून हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुलं, घालून तासभर उकळायची, गार करून यीस्ट घालायचं आणि १८ ते २२ अंशांत दहा-पंधरा दिवस ठेवायची. डब्याच्या झाकणाला गॅस बाहेर सोडणारी नळी असते. यीस्टला खाण्याजोगी साखर संपली की मोजून लिटरला सहा-सात ग्रॅम साखर नव्याने घालून बाटली बंद करायची. तेवढ्यातून होईल तेवढाच गॅस. माझा आतेभाऊ साखर संपली की नाही हे हायड्रोमीटरने, म्हणजे द्रवाची घनता दाखवणाऱ्या तरंगत्या नळीने बघतो. दोन-तीन दिवस आकडा हलला नाही तरच भरतो. घाई करणाऱ्यांच्या बाटल्या तिकडेही फुटतात, फक्त तिथे कौलं नसतात.

आल्याच्या बिअरमध्ये गोडी ठेवायची असते, म्हणून साखर संपेपर्यंत थांबता येत नाही. तिथे एकच इलाज: गॅस पुरेसा झाला की फ्रिजमध्ये ढकलून यीस्टला झोपवायचं. पुरेसा झाला हे कळायचं कसं? सोड्याची प्लास्टिकची बाटली. चार बोटं जागा सोडून भरायची आणि दाबून बघायची. पहिल्या दिवशी मऊ लागते, मग टणक. अंगठा आत जाईनासा झाला की फ्रिज. काचेचा हट्ट असेल तरी त्याच घाण्यातली एक बाटली प्लास्टिकची भराच, ती बाकीच्यांची बातमी देते. आणि काच घ्यायचीच तर बिअरचीच, जाड. शोभेच्या चौकोनी बाटल्या अजिबात नकोत, त्यांचे कोपरे आधी सुटतात. आपल्याकडच्या गोटीसोड्याच्या बाटलीकडे मी नव्या आदराने बघायला लागलोय. आतल्या गॅसच्या दाबानेच गोटी वर बसून तोंड बंद होतं! कॉड नावाच्या इंग्रजाने १८७२ मध्ये तिचं पेटंट घेतलं होतं. मला ती घरी भरता आली नाही, त्याला सोडावाल्याचं यंत्रच लागतं.

आमचं बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर, हवा गार, म्हणून मी हवामानाचा विचारच केला नव्हता. पण मे महिन्यात बाटली दीड दिवसात टणक होते, आषाढात पाऊस लागला की तीन-चार दिवस घेते. पुस्तकातले दिवस मोजू नका, बाटली दाबा. तिसरा घाणा मी एकदम फ्रिजमध्ये घातला, तर तो निव्वळ आल्याचं सरबत राहिला. चौथ्यात साखरेऐवजी गूळ घातला. फेस छान आला, चव मात्र काकवीत आलं कुटल्यासारखी. वडिलांना तीच आवडली. त्यांना विचारण्यात अर्थ नाही, त्यांना गुळाचं काहीही आवडतं.

यातही थोडं अल्कोहोल होतंच, हे लपवत नाही. वरच्याच हिशोबाने अडीच पट गॅस होईपर्यंत अर्ध्या टक्क्याच्या आसपास, आणि बाहेर ठेवाल तसं वाढतं. म्हणून पोराटोरांना देत नाही आणि आठवड्यात संपवतो.

उघडताना बाटली गारच हवी, झाकण हळूहळू, फुस्स थांबत थांबत. आमच्याकडे आता दोन लिटर तयार आहे. आई आवडीने पिते, पण बाटली मोरीत नेऊनच उघडायला लावते, आणि फुस्स संपेपर्यंत स्वतः दाराबाहेर उभी राहते.