वाचकांचे प्रश्न : पहिले साठ फूट

प्रश्न : माझ्याकडे मागच्या चाकांवर चालणारी, सुमारे ५०० अश्वशक्तीची आणि माझ्यासह १,७०० किलो वजनाची टर्बो स्पोर्ट्स कार आहे. तिचे गिअर हाताने बदलावे लागतात. ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे सरळ रेषेतल्या शर्यतीच्या पट्ट्यावर, पाव मैलाला मला १२.६ सेकंद लागतात, शेवटचा वेग ताशी १९० किलोमीटर भरतो आणि पहिल्या ६० फुटांची वेळ २.२५ सेकंद येते. पहिल्या गिअरमध्ये मागची चाके नुसती जागेवर फिरत राहतात. टर्बोचा दाब वाढवून आणखी ६० अश्वशक्ती मिळवावी, असा ट्यूनरचा (इंजिनाची शक्ती वाढवून देणाऱ्या कारागिराचा) सल्ला आहे. हा खर्च करावा का?

उत्तर : आज तरी करू नये. आपण दिलेले तीन आकडे एकमेकांशेजारी ठेवले की दुखणे कुठे आहे ते स्पष्ट दिसते. पाव मैलाच्या, म्हणजे ४०२ मीटरच्या शेवटी मिळणारा वेग हा मुख्यतः शक्ती आणि वजन यांच्या प्रमाणावर ठरतो, आणि या वजनाच्या ५०० अश्वशक्तीच्या गाडीला ताशी १९० किलोमीटर हा वेग शोभणारा आहे. म्हणजे इंजिन आपले काम चोख करीत आहे. त्याच वेगाला शोभणारी वेळ मात्र बारा सेकंदांच्या आत असायला हवी. मधला सगळा वेळ पहिल्या ६० फुटांत, म्हणजे जेमतेम १८ मीटरमध्ये, हातचा जातो. तिथे वाचवलेला सेकंदाचा एक दशांश भाग शेवटच्या रेषेपर्यंत साधारण दीड ते दोन दशांश होतो, असा स्ट्रिपवरचा जुना ठोकताळा आहे आणि तो बऱ्यापैकी खरा ठरतो.

थोडे गणित केल्याशिवाय हा मुद्दा पटत नाही, म्हणून ते इथेच करू. इंजिनाचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) ६०० न्यूटन-मीटर, पहिल्या गिअरचे प्रमाण ३.२ आणि डिफरन्शियलचे (मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरपेटीचे) ३.६ धरले, तर घर्षणात वाया जाणारा भाग वजा करूनही मागची दोन चाके जमिनीला १,८०० किलोच्या आसपास जोर लावू पाहतात. आता टायर किती जोर पेलू शकतात ते पाहा. निम्मे वजन, म्हणजे ८५० किलो, मागच्या चाकांवर आहे. गाडी पुढे झेपावताना वजन मागे सरकते. गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर उंच आणि दोन्ही ॲक्सलमधले अंतर २.७ मीटर धरले, तर साध्या टायरवर हे सरकणारे वजन सुमारे १९० किलो भरते. घर्षणांक, म्हणजे टायरच्या पकडीचे माप, १ मानला, तर टायर पेलू शकतात तो जोर झाला १,०४० किलो. बाकी सगळा जोर रबर जाळण्यात जातो, आणि वाढीव ६० अश्वशक्तीही सुरुवातीला त्याच धुरात जमा होईल.

याच गणितात घर्षणांक १.३ घातला, तर गाडीचे त्वरण, म्हणजे वेग वाढण्याचा दर, ०.६१ जी वरून ०.८६ जी वर जाते (१ जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतके त्वरण), कारण पकड वाढली की त्वरण वाढते, त्वरण वाढले की मागे सरकणारे वजन १९० वरून २७० किलोंवर जाते, आणि ते वजन पकड आणखी वाढवते. टायरवर केलेला खर्च असा व्याजासकट परत मिळतो. २०१५ सालच्या ७०७ अश्वशक्तीच्या डॉज चॅलेंजर हेलकॅटचे कंपनीने जाहीर केलेले आकडे या बाबतीत फार बोलके आहेत : मूळच्या टायरवर पाव मैलाला ११.२ सेकंद आणि ड्रॅग रेडियलवर, म्हणजे ड्रॅग शर्यतीसाठीच्या मऊ, चिकट रबराच्या टायरवर, १०.८. शेवटचा वेग मात्र ताशी एका मैलाइतकाच वाढला. इंजिन तेच, गाडी तीच.

तेव्हा पहिला खर्च ड्रॅग रेडियल टायरचा करावा, आणि ब्रेकचा कॅलिपर आड येत नसेल तर २० इंची चाकांऐवजी १८ किंवा १७ इंची चाके घेऊन टायरची बाजू उंच ठेवावी. झटका बसताना ती बाजू दबते, सुरकुतते आणि टॉर्कचा पहिला घाव स्वतःवर झेलते. २०१८ च्या डॉज डीमनला कारखान्यातूनच १८ इंची चाके आणि ३१५ मिलिमीटर रुंदीचे ड्रॅग रेडियल दिले होते, ते याच कारणाने. हे टायर ओल्या रस्त्यावर मात्र धोकादायक असतात. पाऊस असेल त्या दिवशी ते चढवून बाहेर पडू नये.

हवेच्या दाबाबाबत टायर बनवणाऱ्या कंपनीची मर्यादा आधी वाचावी. त्या मर्यादेत राहून मागच्या ड्रॅग रेडियलमध्ये, टायर गरम असताना, २० पीएसआयपासून सुरुवात करावी आणि दर खेपेला एकेक पीएसआय उतरवून पाहावा. निकाल स्ट्रिपच देते. सुटल्यानंतर खाली वाकून आपल्याच टायरचे काळे पट्टे पाहावेत : पट्टा मधोमध गडद आणि कडांना फिका असेल तर हवा जास्त आहे, दोन्ही कडा गडद आणि मध्य फिका असेल तर हवा कमी झाली आहे. पट्टे एकमेकांत मिसळले असतील, तर टायरवर खडूची आडवी रेघ ओढून ती कुठे पुसली जाते ते पाहिले तरी चालते. दाब फारच उतरवला तर पाव मैलाच्या शेवटच्या भागात गाडी डुलू लागते. तसे जाणवताच दाब वाढवावा, वेळेचा मोह धरू नये.

बर्नआउटविषयी, म्हणजे सुटण्याआधी मागची चाके जागेवर फिरवून टायर साफ करण्या-तापवण्याविषयी, अनेकांचा गैरसमज असतो. खाचा असलेले साधे टायर सुरुवातीच्या रेषेमागे बर्नआउटसाठी ओल्या ठेवलेल्या पाण्याच्या चौकोनात घालूच नयेत, कारण खाचांमध्ये भरलेले पाणी नेमके सुरुवातीच्या रेषेवर ठिबकते. बाजूने वळसा घालून कोरड्या जागी चाके दोन-तीन सेकंद फिरवली, की चिकटलेले खडे आणि धूळ निघून जाते. एवढे पुरे. ड्रॅग रेडियल मात्र मागची चाके पाण्याच्या पुढच्या कडेला आणून, ट्रॅक्शन कंट्रोल (चाके घसरू न देणारी यंत्रणा) पूर्ण बंद करून, हलका धूर दिसेपर्यंत तापवावे. दाट धुराचे ढग काढण्यात टायरचे आयुष्य जाते आणि वरचे रबर तेलकट होऊन पकड उलट कमी होते.

क्लचचा भाग सर्वांत अवघड, आणि माझ्या मते हाताच्या गिअरच्या गाडीत निम्मा निकाल इथेच लागतो. टायर सर्वाधिक जोर किंचित घसरत असताना देतो. चाकाचा वेग गाडीच्या वेगापेक्षा साधारण १० ते २० टक्के जास्त असेल तोवर पकड टिकते, त्यापुढे ती ढासळते. इंजिन मिनिटाला २,५०० फेऱ्यांवर स्थिर धरून क्लच एकदम न सोडता अर्ध्या-पाऊण सेकंदात सोडावा आणि ॲक्सिलरेटर त्याच्या मागोमाग दाबत न्यावा. चाके सुटली नाहीत, तर पुढच्या खेपेला २५० फेऱ्या वाढवाव्यात. इंजिन गुदमरून गाडी मंदावली तर फेऱ्या कमी पडल्या, चाके सुटली तर जास्त झाल्या. एका खेपेला एकच गोष्ट बदलावी आणि दाब, फेऱ्या, हवेचे व ट्रॅकचे तापमान हे सारे वहीत लिहून ठेवावे. दुपारी तापलेल्या ट्रॅकवर आलेली वेळ संध्याकाळच्या वेळेशी ताडून पाहण्यात अर्थ नसतो.

६० फुटांची वेळ १.८५ च्या आसपास स्थिरावली की पाव मैल बारा सेकंदांच्या आत येण्यास हरकत नाही. त्यानंतर ट्यूनरकडे अवश्य जावे, पण आधी गिअरनुसार टर्बोचा दाब ठरवण्याची सोय मागावी : पहिल्या गिअरमध्ये कमी, तिसऱ्यापासून पूर्ण.

प्रश्न : ड्रॅग रेडियल बसवल्यापासून सुटताना गाडीचा मागचा भाग जोरजोरात धडधडतो. मागे स्वतंत्र सस्पेन्शन आहे. हे सवयीने जाईल का?

उत्तर : जाणार नाही, आणि त्याची सवय करूनही घेऊ नये. टायर जमिनीला पकडतो तेव्हा टायरची बाजू, सस्पेन्शनचे रबरी बुश आणि ॲक्सल शाफ्ट पिळले जातात. पकड सुटते, सगळे उलगडते, टायर पुन्हा पकडतो आणि हे चक्र सेकंदाला कित्येक वेळा फिरते. त्यातला प्रत्येक ठोका शाफ्टवर आणि डिफरन्शियलवर बसतो. धडधड सुरू होताच पाय उचलावा. ती खेप गेली तरी चालेल, शाफ्ट जाता कामा नये. माझा एक शाफ्ट असाच, ‘आता थांबेल’ या आशेवर पाय न उचलल्यामुळे, तुटला होता.

मागचे सस्पेन्शन ज्या उपचौकटीवर बसवलेले असते, तिचे बुश आधी तपासावेत आणि जरूर तर अधिक कडक बसवावेत. मग चाकाची दिशा राखणाऱ्या दांड्यांचे बुश पाहावेत. शॉकअब्सॉर्बर जुने असतील तर ते बदलणे हा निम्मा उपाय ठरतो. हवेच्या दाबात दोन-तीन पीएसआयचा फरक करूनही कधी कधी धडधड थांबते, म्हणून तो बिनखर्चाचा प्रयोग सर्वांआधी करावा. डावा आणि उजवा शाफ्ट वेगवेगळ्या जाडीचे ठेवण्याची युक्ती काही कारखानेही वापरतात. दोन्ही बाजू वेगवेगळ्या लयीत पिळल्या गेल्या, की ती धडधड एकमेकींना साथ देत वाढत नाही.

प्रश्न : हिरवा दिवा लागल्यावर मी उशिरा सुटतो. त्यामुळे माझी वेळ वाढते का?

उत्तर : पाव मैलाची वेळ वाढत नाही. ते घड्याळ दिव्यावर सुरू होत नसून पुढचे चाक सुरुवातीच्या रेषेवरच्या प्रकाशकिरणातून बाहेर पडते तेव्हा सुरू होते. प्रतिक्रियेची वेळ पावतीवर वेगळी छापलेली असते. समोर प्रतिस्पर्धी असेल तेव्हा मात्र दोन्हींची बेरीज महत्त्वाची ठरते. केवळ आपली वेळ सुधारायची असेल, तर गाडी रेषेवर लावताना, चाक त्या किरणात आल्याचे दाखवणारा दुसरा दिवा लुकलुकताच गाडी थांबवावी, आणखी पुढे सरकवू नये. म्हणजे किरण सुटेपर्यंत चाकाला काही इंच जास्त मिळतात आणि घड्याळ सुरू होते तेव्हा गाडी आधीच चालू लागलेली असते.